साळवे सरांची मुदतवाढ

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक साळवे सर यांचा देवावर विश्वास नव्हता, मुदतवाढीवर होता. रोज शाळेत आले की ते वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घेत आणि कुठल्या तरी कोपऱ्यात 'अर्ज भरण्यास मुदतवाढ' अशी बोटभर बातमी सापडली की त्यांचा चेहरा उजळे. मग ती मुदतवाढ मच्छीमारांच्या परवान्यांना का मिळालेली असेना. "बघा," ते म्हणत, "घाई करणारे सगळे पुन्हा एकदा फसले."

विश्रांतवाडीला आळंदी रस्ता सोडून आत वळलं की आमची शाळा. मी तिथे भूगोल शिकवत होतो. सर शिक्षकांना विषयाच्या नावाने हाक मारत, त्यामुळे माझं नाव 'भूगोल' पडलं होतं. पीटीच्या सरांना ते 'शिट्टी' म्हणत. बायकांना मात्र सरसकट 'बाई', कारण एकदा हिंदीच्या बाईंना 'हिंदी' म्हटल्यावर त्यांनी जे हिंदी ऐकवलं होतं ते सरांच्या चांगलं लक्षात होतं.

सर उंच, काटकुळे, आणि बारा महिने मातकट रंगाच्या सफारीत. त्यांचे वडील मिलिटरीच्या डेपोत कामाला होते. घरात पहाटे भोंग्याबरोबर उठण्याची शिस्त होती. त्या शिस्तीचा सरांनी पुढे आयुष्यभर सूड घेतला. त्यांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ चांगलं मागे होतं आणि ते दुरुस्त करायला त्यांची सक्त मनाई होती. लोक घड्याळ पुढे लावून धावपळ करतात, यांनी मागे लावलं होतं. "शाळेचं घड्याळ मागे आहे म्हणून आपली पोरं वेळेवर येतात," असं ते तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना शांतपणे सांगत, आणि अधिकारी वहीत काय लिहावं या विचारात पडत.

अर्ज भरण्याच्या बाबतीत त्यांनी माणसांचे तीन वर्ग केले होते. पहिल्या दिवशी अर्ज भरणारा तो भित्रा, शेवटच्या दिवशी भरणारा तो शहाणा, आणि त्यानंतर भरणारा तो अनुभवी. स्वतः सर अत्यंत अनुभवी होते. "अहो, तारीख जाहीर केली म्हणजे सरकारचा विचार पक्का झालाय असं कुठे असतं? ते आधी एक तारीख टाकून बघतात," हे त्यांचं लाडकं मत. आणि कुणी फारच मागे लागलं तर ठरलेलं उत्तर, "अजून वेळ आहे."

या माणसावर रागवायला आम्हाला आवडलं असतं. पण अडचण अशी की सर मुदतवाढ नुसती घेत नसत, देतही असत. फी उशिरा आली, चालेल. प्रकल्पाची वही पुढच्या सोमवारी, चालेल. आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्या पोरांची फाटकापाशी रांग लागायची, आणि ही रांग सर स्वतः आत घ्यायचे, प्रत्येकाला कारण विचारून. कारण खरं असण्याची अट नव्हती. चांगलं असलं की पुरे. 'सर, आमच्या कोंबडीने माझ्या बुटात अंडं घातलं' असं सांगणाऱ्याला त्यांनी वर्गापर्यंत पोचवलं होतं आणि वर्गशिक्षिकेला म्हणाले होते, "याला निबंधात मार्क कमी का पडतात ते बघा."

एकदा येरवड्याची एक मुलगी दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरायला आली तेव्हा नेहमीची मुदत संपली होती, विलंब शुल्काची संपली होती, आणि अतिविलंब शुल्काचीही संपली होती. आई आजारी म्हणून ती कितीतरी दिवस शाळेतच नव्हती. आम्ही सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि डबे उघडले. सरांनी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि बोर्डाच्या कचेरीत नेलं. तिथला साहेब म्हणाला, "मुदत संपलीय." सर म्हणाले, "हो, म्हणूनच आलो. मुदत असती तर क्लार्कला पाठवलं असतं." मग ते साहेबासमोरच्या बाकावर बसून राहिले. साहेब जेवून आला तरी बसलेले, दुसरी फाइल संपली तरी बसलेले. संध्याकाळी कचेरी बंद करण्याची दुसरी सोय दिसेना तेव्हा साहेबाने अर्ज घेतला.

ती मुलगी गणितात नापास झाली. सर म्हणाले, "हरकत नाही, ऑक्टोबर आहे." ऑक्टोबरात ती पास झाली, पुढे नर्स झाली.

आता या स्वभावाचा माणूस आणि इन्कम टॅक्स यांची गाठ कुणीतरी घालायला नको होती. पण शाळा ही कायद्याच्या दृष्टीने नोकरी देणारी. मास्तरांच्या पगारातून कर कापायचा, बँकेत भरायचा, आणि कुणाचा किती कापला त्याचं विवरणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत खात्याला द्यायचं. खाली सही मुख्याध्यापकाची. त्यातून वर्षअखेरचं जे विवरणपत्र, त्याची शेवटची तारीख मे महिन्यात. मे महिन्यात शाळेत फक्त पाखरं असतात. आमचे क्लार्क ढमढेरे, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, ते एप्रिल संपता संपता ऑफिसच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून शिरूरकडच्या आपल्या गावी जात आणि मेभर लग्नं लावत. दोन लग्नांच्या मध्ये त्यांना गाठणं शक्य नसे. त्यामुळे आमच्या शाळेचं विवरणपत्र दरवर्षी जूनमध्ये, पावसाळी छत्रीबरोबर बाहेर निघे.

कागदांच्या काळात हे चालून गेलं. खात्याची नोटीस येई, 'उशीर का झाला याची कारणे दाखवा.' ही नोटीस सरांना एखाद्या आमंत्रणपत्रिकेसारखी वाटे. ते सफारीला इस्त्री करून कचेरीत जात. एका वर्षी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. अधिकारी तरुण होता, कपाळाला आठ्या घालून बसला होता. सर म्हणाले, "साहेब, लहानपणी मे महिन्यात तुमची शाळा असायची का?"

"नाही."

"मग आमच्या शाळेची का असावी?"

अधिकाऱ्याला हसू आलं. दंड माफ झाला. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "भूगोल, या देशात दंड चुकीचा नसतो, कंटाळवाण्या कारणाचा असतो."

पुढे कॉम्प्युटर आले. शाळेलाही हडपसरच्या एका कंपनीने आपले जुने कॉम्प्युटर दान दिले आणि भाऊसाहेब एका बोटाने टाइप करायला शिकले. विवरणपत्र कॉम्प्युटरवरून जाऊ लागलं. आमचं हे काम बघणारे कर सल्लागार लिमये नारायण पेठेत बसत. त्यांच्या ऑफिसात 'काम नसल्यास बसू नये, काम असल्यास फार वेळ बसू नये' अशी पाटी होती. त्यांनी सरांना मुद्दाम बोलावून घेतलं.

"साळवे, नियम बदललाय. आता उशिराला दिवसाला ठरलेली रक्कम. आपोआप लागते."

"बरं. मग कारण कुणाला दाखवायचं?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे? साहेब कोण आहे?"

"साहेब नाहीच. मशीन आहे. त्याला तुमची सफारी दिसत नाही."

सर सफारीच्या इस्त्रीवरून हात फिरवत बसले. आपण उभ्या आयुष्यात जी कला कमावली ती एका परिपत्रकाने गेली, हे त्यांना पटायला वेळ लागत असावा. निघताना मात्र ते सावरले. "ते मशीनसुद्धा सरकारीच आहे ना? मग बंद पडेल. बंद पडलं की मुदतवाढ." आणि दुर्दैव असं की त्या वर्षी एकदा ते खरंच बंद पडलं, आणि मुदतवाढ मिळाली. सरांनी शिक्षकखोलीत पेढे वाटले.

आता जगदाळे बाईंचं सांगायला हवं. मराठी शिकवायच्या, आवाज खणखणीत, बोलणं मोजकं. त्यांच्या नवऱ्याची पिंपरीची कंपनी बंद झाली होती, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन त्यांनी टेंपो घेतला होता. हे कुटुंब येरवड्यात भाड्याने राहायचं, आणि दर अकरा महिन्यांनी करार संपला की सामान त्याच टेंपोत भरून दुसऱ्या भाड्याच्या घरी जायचं. बाईंची मुलगी एकदा वर्गात म्हणाली होती की आमच्या घरातलं कपाट भिंतीला टेकवून ठेवत नाहीत, काढायला सोपं पडावं म्हणून. बाईंनी हडपसरला एका नव्या इमारतीत लहानसा फ्लॅट बुक केला होता. बँकेचं कर्ज त्यांच्या एकटीच्या पगारावर होणार होतं, आणि त्यासाठी बँकेला हवा होता फॉर्म सोळा, म्हणजे पगारातून किती कर कापला याचा दाखला. नव्या पद्धतीत तो दाखला शाळेला स्वतः लिहून देता येत नव्हता. आधी विवरणपत्र भरायचं, मग खात्याच्या वेबसाइटवरून तो निघायचा. बिल्डरने जूनअखेरची तारीख दिली होती. तोपर्यंत बँकेचे पैसे आले नाहीत तर बुकिंग रद्द.

बाईंनी सरांना मार्चमध्ये सांगितलं, एप्रिलमध्ये सांगितलं, आणि सुट्टी लागायच्या दिवशी पुन्हा सांगितलं. "सर, माझ्या घराचं त्याच्यावर आहे."

"अहो बाई, निश्चिंत राहा. अजून वेळ आहे. आणि मुदतवाढ येणारच, मागच्या खेपेला आली होती."

भाऊसाहेब किल्ली घेऊन गावी गेले. मे उजाडला. सर रोज वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत राहिले. मुदतवाढ आली नाही. मशीन त्या वर्षी ठणठणीत होतं.

विवरणपत्र गेलं ते जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. दिवसाच्या हिशेबाने दंड लागला तो लागलाच. पण फॉर्म सोळा निघाले, बाई आपला घेऊन बँकेत धावल्या, आणि तासाभरात परत आल्या. त्यांच्या नावापुढे वर्षभराचा भलताच कर होता. त्यांचा स्वतःचा कर आपटे बाईंच्या खात्यावर जमा झाला होता, आणि आपटे बाईंचा त्यांच्या.

हे ऐकल्यावर शिक्षकखोलीत कुणीच कुणाकडे बघेना, कारण आपटे बाई आणि जगदाळे बाई यांचं गेली कैक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण सेवाज्येष्ठतेचं. कोण आधी लागली, कुणाची मधली रजा धरायची, पर्यवेक्षिका कोण होणार. ज्यांनी शाळेत नोकरी केलेली नाही त्यांना याची तीव्रता कळणार नाही. भावाभावांत जमिनीवरून एवढी कटुता येत नाही. त्याच वर्षी वरच्या कचेरीतून निकाल आला होता की जगदाळे बाई ज्येष्ठ. निकाल आला की तो दिसला पाहिजे, असं सरांचं म्हणणं पडलं. त्यांनी भाऊसाहेबांना हुकूम केला, आजपासून शाळेतली प्रत्येक यादी नव्या क्रमाने. मस्टर, चहाची पाळी, सहलीची बस, सगळं. भाऊसाहेबांनी निष्ठेने पगाराच्या यादीतही दोन नावं वरखाली केली. पगार वरखाली केले. कापलेला कर वरखाली केला. पॅन क्रमांकांचा रकाना पार उजवीकडे, स्क्रीनच्या बाहेर होता. तो होता तिथेच राहिला.

"मला काय ठाव तिकडं आजून कायतरी हाय म्हणून," भाऊसाहेब म्हणाले. "माझ्या स्क्रीनवर तर येवढंच दिसतंय."

आपटे बाई चष्मा काढून उभ्या राहिल्या. त्या सदाशिव पेठेतल्या, विज्ञान शिकवायच्या, आणि रागावल्या की त्यांचं बोलणं जास्तच शुद्ध होई. "ज्येष्ठता गेली ती गेली. आता माझा करसुद्धा यांच्या नावावर का?"

लिमयांना फोन झाला. ते म्हणाले, दुरुस्तीचं विवरणपत्र भरता येईल, पण ते खात्याकडून होऊन यायला वेळ लागेल. किती? "मशीनला विचारा," लिमये म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हा सरांनी दोन्ही बाईंना घेऊन बँकेत जायचं ठरवलं. स्कूटरवर तिघं बसत नाहीत म्हणून रिक्षा केली. दोघी शेजारी बसायला तयार नाहीत म्हणून सर मध्ये बसले. मी फाटकात उभा होतो. ती रिक्षा मला अजून दिसते. मधोमध गुडघे पोटाशी घेतलेले सर, आणि दोन्ही बाजूंनी दोन विरुद्ध दिशांना बघणाऱ्या दोन बाया.

बँकेत काय झालं ते सरांनीच नंतर सांगितलं. मॅनेजर चांगला माणूस होता. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला की माझ्या कॉम्प्युटरला जे दिसतं तेवढंच मला मंजूर करता येतं. सर तऱ्हेतऱ्हेची कारणं सांगत होते. मॅनेजर मान डोलवत होता आणि काही होत नव्हतं. तेवढ्यात आपटे बाई, ज्यांना नुसती सही करायला आणलं होतं, त्या टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, "हे पाहा, माझं आणि या बाईंचं पटत नाही. ही बाई माझ्या पुढे बसते याचा मला आजही संताप येतो. पण तो कर तिचाच आहे. तिने राबून भरलाय. मी लिहून देते, कुठे लिहू सांगा."

मॅनेजरने त्यांना कागद दिला. आपटे बाईंनी वळणदार अक्षरात पानभर लिहून दिलं. मॅनेजरने ते वाचलं, कौतुक केलं, फाइलला लावलं आणि सांगितलं की दुरुस्ती होऊन आली की या.

येताना रिक्षात सर कडेला बसले होते.

राहिला बिल्डर. सर एकटेच हडपसरला गेले. साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात बिल्डर बसला होता, मूळचा तिथल्याच गावचा. जिथे इमारत उभी राहत होती तिथे त्याच्या वडिलांचा ऊस होता. सर बोर्डाच्या कचेरीत बसले होते तसे तिथेही बसून राहिले. दुपार झाली, बिल्डरने त्यांना जेवायला वाढलं, अगत्याने वाढलं. आणि जेवण झाल्यावर म्हणाला, "सर, तुमी मोठी मान्सं. पर ह्ये बघा, भायेर कंपनीतली पोरं चेक घिऊन उभी हायत. बाईनला तारीख दिल्ती. तुमीच पोरांना शिकवता ना, येळ पाळावी म्हून?"

सर परत आले ते थेट माझ्या वर्गावर. दारात उभे राहिले. मी नकाशा टांगत होतो. "भूगोल," ते म्हणाले, "तो हसून नाही म्हणाला." एवढंच बोलून ते निघून गेले.

बुकिंग रद्द झालं. अनामत परत मिळाली, फ्लॅट एका इंजिनिअरला गेला, आणि तोवर आसपासचे भाव इतके वर गेले की त्या पैशात तिथे बाल्कनीही आली नसती. दुरुस्ती होऊन आली ती नंतर.

जगदाळे बाई भांडल्या नाहीत. त्यांनी भांडावं अशी आमची सगळ्यांची फार इच्छा होती, आणि सरांची तर सगळ्यांत जास्त. मधल्या सुट्टीत सर त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, बोला काहीतरी."

बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली. "सर, तुम्ही आयुष्यभर लोकांना मुदत वाटलीत. चांगलं केलंत. या खेपेला वाटलीत ती माझी होती." आणि त्या पुढची वही घेऊन तपासू लागल्या.

मला सरांचा फार राग आला होता आणि त्याच क्षणी त्यांची फार दया आली. दोन्ही एकदम येतात हे मला तेव्हा कळलं.

दंडाबद्दल संस्थेने हात वर केले. चिटणिसांचं पत्र आलं की विलंबाची जबाबदारी सही करणाऱ्याची. सरांनी दंड स्वतः भरला. आता असा प्रसंग एखाद्याने गुपचूप उरकला असता. सरांनी भरल्याची पावती शाळेच्या सूचनाफलकावर लावली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'मुख्याध्यापक उशिरा आले. कारण चांगले नव्हते.' पोरं ती घोळक्याने वाचत. चिटणिसांनी ती काढायला सांगितली. सर म्हणाले, "काढू. अजून वेळ आहे." ती दिवाळीपर्यंत राहिली.

त्यानंतरचे साळवे सर आम्हाला झेपले नाहीत. ते सुधारले, आणि सुधारलेल्या माणसाइतका त्रास कुणी देत नाही. पुढच्या वर्षी जानेवारीतच ते आमच्या विम्याच्या पावत्या मागू लागले. पीटीचे सर पावती विसरले तर त्यांना फाटकापाशी उशिरा येणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं, पोरांबरोबर. एप्रिलमध्ये भाऊसाहेब गावाला निघाले तेव्हा सरांनी एसटी स्टँडवर गाठून त्यांच्या कमरेची किल्ली काढून घेतली. "आता लग्नात माझी चावी हरवली आसं तरी कसं सांगू?" भाऊसाहेब कितीतरी दिवस तक्रार करत होते. विवरणपत्र मुदतीच्या इतकं आधी गेलं की लिमयांनी फोन करून विचारलं, साळवे सरांची बदली झाली का?

पोरांची मुदतवाढ मात्र त्यांनी बंद केली नाही. फाटकापाशी तीच रांग, तीच कारणं. मी एकदा त्यांना याबद्दल छेडलं. ते म्हणाले, "पोरांची मुदत माझ्या खिशातली आहे, भूगोल. ती मी देईन."

जगदाळे बाई त्यांच्याशी कामापुरतं बोलत. सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात बाईंनी मानपत्र वाचून दाखवलं, खणखणीत आवाजात, एकही शब्द न चुकता आणि एकदाही सरांकडे न बघता.

मध्ये काही वर्षं गेली. बाई आणखी कितीदा तरी घरं बदलत राहिल्या. मग त्यांच्या मुलीला नोकरी लागली आणि मांजरी गावाच्या बाजूला, हडपसरच्याही पुढे, त्यांनी एकदाचं घर घेतलं. वास्तुशांतीला सगळ्या जुन्या मंडळींना बोलावलं. जेवण दुपारी बाराला होतं. शाळेच्या सतरंज्या टेंपोतून पोचवायचं काम माझ्याकडे आलं म्हणून मी बाई आणि त्यांच्या यजमानांबरोबर सकाळीच निघालो. इमारतीच्या जिन्यात, बाईंच्या बंद दारासमोरच्या पायरीवर, साळवे सर बसले होते. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, अंगावर इस्त्रीची सफारी. खूप वाळले होते. वॉचमन म्हणाला, आजोबा दूधवाल्याच्याही आधी आलेत.

बाई पायरीवर थबकल्या. हातात पूजेची पिशवी होती. "सर, जेवण बाराला आहे."

"माहीत आहे. पत्रिका वाचली मी."

"मग इतक्या लवकर कसे?"

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाने साहेब, अधिकारी, सगळ्यांना कारणं पुरवली, त्याला त्या पायरीवर एक कारण सुचेना. त्यांनी नुसती मान खाली घातली. बाईंच्या यजमानांनी उगाच कुलपाशी खाटखूट केली आणि दार उघडलं.

सर उठून बाजूला झाले. "तुम्ही जा आत. भटजी येऊ देत. मी आहे इथे."

बाई आत गेल्या. रिकाम्या घरात त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता. मग त्या परत दारात आल्या आणि म्हणाल्या, "सर, बाहेर काय उभे राहता, आत या."

सरांनी चपला काढल्या आणि आत आले. घरात अजून खुर्ची नव्हती. ते भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसले आणि आजूबाजूला बघू लागले. छताकडे, खिडकीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. "उजेड चांगला आहे, बाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला माफ करा."

बाईंनी पिशवीतून नारळ आणि गणपतीची सुपारी काढून ओट्यावर ठेवली, ती सरकवून जागा केली, आणि आदल्या दिवशी आणून ठेवलेला स्टो पेटवला. यजमान दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, पूजा व्हायचीय अजून. आधी देवाचं होऊ दे."

"देव थांबेल," बाई म्हणाल्या.

त्या घरातला पहिला चहा साळवे सरांनी घेतला. बाईंनी कप त्यांच्या हातात दिला आणि स्वतःचा घेऊन त्या त्यांच्या शेजारी, फरशीवर बसल्या.